घरच्या कामाला पट्टी नाही

लॅपटॉप दुरुस्तीच्या त्यांच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक दोन गोष्टींना कंटाळायचं. एक म्हणजे फॉर्म आणि दुसरा ‘सावकाश’ हा शब्द. लॅपटॉप टेबलावर ठेवला की “सावकाश”, झाकण उघडायला लागलं की “सावकाश”, कधी मिळेल असं विचारलं तरी “सावकाश”. म्हणून सगळी गल्ली त्यांना सावकाशच म्हणायची.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीपाशी टेबल, त्यावर रबरी चटई, आणि स्क्रू ठेवायला औषधाच्या गोळ्यांची सात वारांची डबी. सोमवारच्या खणात मागच्या झाकणाचे स्क्रू, मंगळवारच्या खणात कीबोर्डचे. फॉर्मवर शेवटचा प्रश्न असायचा, “आत महत्त्वाचं काही आहे का?” पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. ‘हो’वर खूण असली की आधी सगळ्याची एक प्रत दुकानाच्या डिस्कवर घ्यायची. मग जुन्या डिस्कला लाल चिकटपट्टी, नवीला पांढरी. कॉपी सुरू करण्याआधी जुन्या डिस्कच्या नंबरातले शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचायचे, एकदा डिस्कवरचे, एकदा पडद्यावरचे. आतून बायको भाजी निवडता निवडता दोन्हीदा “हं” म्हणायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण दुसऱ्यांदा तेच आकडे आले तरच दुसरं हं म्हणायचं, एवढं ती चोख करायची. बावीस वर्षांत कुणाचा एक फोटोसुद्धा हरवला नव्हता.

‘सावकाश’ हा शब्द मुळात ताईचा. आई गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे आणि ताई सतराची. वडील असून नसल्यासारखे. ताई दिवसा एका कारखान्यात नकाशे गिरवायची आणि संध्याकाळी यांचा अभ्यास घ्यायची. एकदा तिनं कारखान्यातला बिघडलेला कॅल्क्युलेटर आणून दिला आणि म्हणाली, “खोल, पण सावकाश. निघेल ते ओळीनं मांडून ठेव, म्हणजे परतीची वाट सापडेल.” त्यांचं सगळं शिक्षण त्या एका वाक्यात होतं.

ताई पुढे साच्यांची कामं करू लागली. बाटल्यांची झाकणं, बादल्यांच्या कड्या, खेळण्यांची चाकं ज्यात ओततात, त्या साच्यांचे आराखडे. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, “साचा चुकला तर बदलून मिळतो, म्हणून हेच बरं.” पस्तिशीनंतर नोकरी सोडून ती घरीच काम घ्यायला लागली. सतरा इंची, चार किलोचा दणकट लॅपटॉप. भावजय त्याला पाटा म्हणायची. त्यात एकोणीस वर्षांचे साचे होते. नवं काम आलं की ताई जुन्यातलाच जवळचा साचा काढायची, इथे वाढव, तिथे घटव, आणि इतरांना महिना लागायचा ते आठवड्यात द्यायची. तिची सगळी कमाई त्या जुन्या साच्यांवर उभी होती.

अलीकडे मोठा साचा पडद्यावर फिरवायला घेतला की पाटा गोठायचा. ताई नवा घ्यायच्या विचारात होती. भाऊ चिडलाच.

“वेडी आहेस का? आताच्या पातळ लॅपटॉपांत सगळं डकवून टाकलेलं असतं. तुझ्या या मशीनमध्ये मेमरी निघते, डिस्क निघते, ग्राफिक्स कार्डसुद्धा निघतं. मी त्याला तरणाबांड करून देतो.”

“बघ हं बाळ्या. म्हातारीला लाली लावून तरुण होत नाही ती.”

“मी आहे ना!”

एका रविवारी दुपारी ताई पाटा घेऊन आली. फॉर्म काढायला त्यांचा हात खणाकडे गेला, तशी ताई हसली. “आता मीही फॉर्म भरू? नातं काय लिहू, गिऱ्हाईक?” तेही हसले. फॉर्म खणातच राहिला.

मेमरीच्या चार पट्ट्या सहज बसल्या, दोन मागच्या झाकणाखाली, दोन कीबोर्डखाली. ग्राफिक्स कार्डानं घाम काढला. जुनं काढून, उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या पुसून, नवा लेप लावून त्याच जातीचं पुढचं कार्ड बसवलं, तर पडदा काळाच.

“नाकापेक्षा मोती जड झाला वाटतं,” बायको दारातून म्हणाली.

“तू गप गं.” त्यांनी जुनं कार्ड परत बसवलं, मशीनचं आतलं मूळ सॉफ्टवेअर नवं केलं, पुन्हा नवं कार्ड लावलं. पडदा उजळला. ताईनं साठ भागांचा साचा उघडून माऊस फिरवला, आणि तो साचा हातातल्या वाटीसारखा गरकन फिरला.

“अगं, बघ तरी! फिरतोय की गं हा!” ताईनं भावजयीला हाताला धरून ओढून आणलं. छप्पन्न वर्षांची बाई, लहान मुलीसारखी तो साचा उलटापालटा करत बसली.

राहिली डिस्क. साच्यांची डिस्क चार वर्षांपूर्वी त्यांनीच बसवलेली, आता थकत आलेली. त्यांनी त्याच कंपनीची, त्याच मापाची नवी आणली होती. जुनीवरचं सगळं नवीवर जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच काम. दोन्ही डिस्क टेबलावर जोडल्या. पडद्यावर दोन ओळी आल्या, अक्षर न् अक्षर सारख्या, फरक फक्त शेवटच्या चार आकड्यांचा. ताई वडिलांची नक्कल करत होती, चष्मा कपाळावर ठेवून तोच घरभर शोधायची नक्कल, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“अहो, आज आकडे नाही वाचले?” बायकोनं विचारलं.

“घरचं काम आहे गं. घरच्या कामाला कसली पट्टी!”

त्यांनी बटण दाबलं. सगळे जेवायला बसले.

दीड तासानं ‘पूर्ण झालं’ असं आलं. त्यांनी नवी डिस्क उघडली. कोरी. जुनी उघडली. तीही कोरी. दिशा उलटी दिली गेली होती. नवीचा कोरेपणा जुनीवर जसाच्या तसा उतरला होता.

ते उठले नाहीत. ताईच मागे येऊन उभी राहिली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, “कुठे गेलं रे?”

ते दोन्ही डिस्क काढून पुन्हा जोडत राहिले.

“तुझ्याकडे दुसरी प्रत होती ना, वन्सं?” बायकोनं घाबरून एकेरीवर येत विचारलं.

“पूर्वी ठेवायचे,” ताई म्हणाली. “मग म्हटलं, बाळ्या आहे.”

पुढचे तीन आठवडे त्यांनी दुकान उघडलं नाही. हाताशी होते ते सगळे उपाय केले, डिस्क तज्ज्ञांकडे पाठवली. तिथून दोन ओळींचं उत्तर आलं. वरून पूर्ण लिहिलं गेलं आहे, खाली काही उरलेलं नाही. ते उत्तर घेऊन ताईकडे गेले तेव्हा ती चहा करत होती. ती म्हणाली, “आपलेच दात, आपलेच ओठ. साखर बघ, कमी झाली का.” तिनं एक थोबाडीत दिली असती तर ते रडू शकले असते.

गिऱ्हाइकांकडे छापील आराखडे होते, पण कागद पडद्यावर फिरत नाही. कामांना महिना लागायला लागला आणि कामं दुसरीकडे गेली. चुकीबद्दल ताईनं कुणापाशी चकार शब्द काढला नाही, “मशीन जुनं होतं” एवढंच सांगितलं. मग ती एका कार्यालयात लागली. तिथला साहेब तिच्याहून तीस वर्षांनी लहान, तिला “मॅडम, जरा पटपट” म्हणायचा.

वर्षभरानं एका संध्याकाळी ताई दुकानात आली. एक गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्यामागे थांबली. तिचा नंबर आला तशी तिनं पाटा टेबलावर ठेवला.

“पंखा आवाज करतोय. फॉर्म दे.”

“ताई, काहीतरीच काय!”

“दे रे. पद्धत ती पद्धत.” आवाजात राग नव्हता. बाकावर बसून तिनं सावकाश फॉर्म भरला आणि पुढे सरकवला. नाव, पत्ता, तक्रार. शेवटच्या प्रश्नापुढे, ‘आत महत्त्वाचं काही आहे का’, तिनं ‘नाही’वर खूण केली होती. ते खरंच होतं. त्यात आता तिचे थोडे फोटो आणि विजेची बिलं होती.

त्यांनी मागचं झाकण उघडलं. स्क्रू सोमवारच्या खणात ठेवले. पंखा पुसायचा होता, डिस्कला हात लावायचं काही कारण नव्हतं. तरी त्यांनी लाल पट्टी फाडली, डिस्कवर नीट दाबून बसवली आणि शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचले.

बायको बाहेर गेली होती. आतून कुणी काही म्हटलं नाही.

बाकावरून ताई म्हणाली, “हं.”

आकडे दुसऱ्यांदा वाचायचे असतात. त्यांनी पट्टीचा कोपरा पुन्हा दाबला, आणि पुन्हा. ताई खिडकीबाहेर बघत वाट पाहत बसून राहिली.