खिळ्यावरचा फोन

चार आकडे मोठ्याने सांगून झाले होते. दोन उरले होते.

"थांब वं शोभे!" मी ओरडले. "ओटीपी कायले पाहिजे? आज कोणाले पैसे द्याचे हायेत?"

आमच्या पापड गटाची सेक्रेटरी अर्चना कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाली, "काकू, बँकेचा मेल हाय. केवायसी नाही केली तं आजच खातं बंद होते. सांग वं शोभा, पुढचे दोन."

"सांगून तं पाह्य!" मी शोभाला दम दिला.

ओटीपी म्हणजे पैसे पाठवण्याआधी बँक फोनवर धाडते तो गुप्त नंबर. तो गटाच्या साध्या फोनवर येतो. सगळ्यांचे हात उडदाच्या पिठात, म्हणून फोन शेडमध्ये खिळ्याला टांगलेला. जिचे हात कोरडे, तिने आकडे ओरडायचे. अर्चनाने टाकायचे. आकड्यांच्या आजूबाजूला काय लिहिलंय, ते वाचायची कोणालाच गरज वाटली नाही.

"पूरा मेसेज वाच," मी म्हटलं.

शोभाने वाचला. खात्यातली सगळी रक्कम कोण्या अनोळखी माणसाला पाठवायचा तो नंबर होता. खाली लिहिलेलं, हा कोणालाही सांगू नका. त्याच पैशातून बायांची मजुरी द्यायची आणि पुढची डाळ घ्यायची होती.

"पण लोगो तं बँकेचाच हाय!" अर्चना रडवेली झाली.

"लोगो काय, मीही छापून आणीन."

मग नीट पाहिलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बँकेचं नावच नव्हतं. वर 'प्रिय ग्राहक', गटाचं नाव कुठेच नाही. आणि अर्चनाने लिंक दाबून पासवर्ड आधीच देऊन टाकला होता.

तशाच उठून बँकेच्या शाखेत गेलो. मॅनेजरने आधी खात्याचे ऑनलाइन व्यवहार बंद केले, मग विचारलं, "ओटीपीचा फोन कोणाजवळ असतो?"

"खिळ्याजवळ."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांजवळ."

त्यांनी कपाळाला हात लावला. "आजी, बँक कधी मेलवर पासवर्ड मागत नाही."

"मंग खातं काढतानी काऊन नाही सांगतलं?"

"पोस्टर लावलंय ना."

पोस्टर इंग्रजीत होतं. तेही उघड्या दाराच्या मागे.

पैसे वाचले. फोन आता माझ्या कमरेच्या पिशवीत असतो. "काकू येईपर्यंत थांबावं लागते," म्हणून बाया कुरकुरतात. थांबा म्हणावं. खिळ्याला आता चाळणी टांगली आहे, तिच्यावर मेसेज येत नाहीत.

हे संग्रामपूरजवळच्या आमच्या शेडमध्ये घडलं. आकडे ओरडत होती शोभा, टाकत होती अर्चना, आणि थांबवणारी मी, गटाची अध्यक्ष इंदूबाई.