गुरगुरेंची सही

गुरगुरे हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी सिग्नलला उभी असतानाही किंचित गुरगुरायची, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. स्टिअरिंगखाली वायर जोडायची आणि लॅपटॉपवर गाडीचं सॉफ्टवेअर बदलायचं, हा त्यांचा धंदा. कुणाला जोर हवा असायचा, कुणाला अ‍ॅव्हरेज. ते द्यायचेच, आणि वर कुणी न मागता उभ्या गाडीची रेस केसभर वाढवून ठेवायचे. ती त्यांची सही. माझं टायरचं दुकान त्यांच्या शेडला लागून आहे. रस्त्यावरची गाडी त्यांनी केलेली की दुसऱ्याने, हे मी मान वर न करता सांगायचो.

मग कंपन्यांनी सॉफ्टवेअरला कुलूप घातलं. गाडी तुमची, सॉफ्टवेअर आमचं. म्हणजे घर विकायचं आणि स्वयंपाकघराची किल्ली आपल्याच कनवटीला ठेवायची! मला याचा संताप येतो, अजूनही येतो. गुरगुरे संतापले नाहीत. जुन्या गाड्या येतील तेवढ्या करत राहिले आणि उरलेला वेळ माझ्या दुकानात बसून माझ्या कामात खोट काढू लागले.

त्यांच्या लेकीने नवी गाडी घेतली. ती पेशंटची दवाखान्यात ने-आण करते. पाठीची, पोटाची ऑपरेशनं झालेली माणसं. गाडी तशी छान, पण अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवला न ठेवला की धक्का देऊन सुटायची. मागचं माणूस कळवळायचं. कंपनीत विचारलं तर म्हणाले, ते तसंच असतं. पेशंट एकेक करून दुसऱ्या गाड्या बघायला लागले.

"बाबा, तेवढं मऊ करता येईल का तुम्हाला?" तिने विचारलं.

गुरगुरे कामाला लागले. बरेच दिवस खटपट केल्यावर, कुलपाचं लक्ष नसलेली एक फट त्यांना सापडली आणि पेडल मऊ झालं. लेकीने मला चक्कर मारून आणली. मी हातात पाण्याचा भरलेला ग्लास धरून बसलो होतो. थेंब सांडला नाही.

इथे थांबायला हवं होतं. पण जित्याची खोड! उभ्या गाडीच्या रेसवर कंपनीचा डोळा असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी हात शिवशिवले. केसभरच वाढवली.

पुढे कंपनीचं अपडेट आलं आणि गाडीने भर रस्त्यात गोगलगायीचा वेग धरला. मागे नुकतंच ऑपरेशन झालेल्या एक मावशी होत्या. घरी पोचेपर्यंत त्या रडकुंडीला आल्या. कंपनीने गाडी पूर्ववत केली, वॉरंटी रद्द केली आणि पुन्हा हात लावलात तर गाडी सुरूच होणार नाही, असं बजावलं.

शेडमध्ये आम्ही कंपनीचा उद्धार करत होतो. लेक म्हणाली, "पेडलचंच पकडलं ना त्यांनी?"

नुसतं हो म्हणून भागलं असतं. मी तर गुरगुरेंच्या वतीने मान हलवलीही होती.

"नाही," गुरगुरे म्हणाले. "पेडलचं त्यांना कळलंच नव्हतं. मी रेस वाढवली होती."

"मी कुठे मागितली होती?"

"नव्हती मागितलीस."

"मग आता फक्त पेडल करा. रेसला हात लावू नका."

"रेस सापडली म्हणून त्यांनी सगळी झडती घेतली, बाळा. ती फट बुजवली. सगळ्यांच्याच गाड्यांतली."

ती किल्ली घेऊन निघाली. मला त्या दिवशी पहिल्यांदा कंपनीचा नाही, शेजाऱ्याचा राग आला.

परवा गुरगुरे शेड बंद करून तिच्या गाडीत मागे बसले. मी टायरमध्ये हवा भरत होतो. तिने आरशात पाहिलं आणि हल्ली प्रत्येक पेशंटला सांगते तसंच सांगितलं, "नीट धरून बसा हं, धक्का बसेल."

त्यांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली.