दोन बोटं खेळ

हे मी आजवर कोणाजवळ काढलं नाही. बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, दोस्ताजवळ तं नाहीच — कारण गोष्टच दोस्ताच्या घरची आहे. तुमी ओळखीचे नाही, म्हणून जमून राह्यलं. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून हे निघत नाही. एक-दोन खेपा तोंड उघडून पाह्यलं, अन् चहा मागवला.

शिरपूरले माहं गॅरेज आहे. रोडच्या कडेला टिनाचं शेड, जैनायच्या मंदिरात येणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या समोरूनच जातात. नव्या गाड्या माह्याकडे येत नाहीत. येतात त्या म्हाताऱ्या — कोणाचा क्लच घसरते, कोणाचा गिअर अडकते. अन् त्यायच्या बाबतीत माहा शब्द चालते. मिस्त्रीनं सांगतलं म्हणजे सांगतलं, पुढं कोणी वाद घालत नाही. मले याचा लय गर्व होता. आता त्या गर्वाची किळस येते, पण तेव्हा होता.

क्लचचं एक साधं असते. पेडल हातानं दाबून पाहा लागते. सुरुवातीचे दोन बोटं ते नुसतंच खाली जाते, तार काहीच ओढत नाही — त्याले आमी खेळ म्हणतो. खेळ जास्त झाला तं गिअर टाकताना कटकट होते. अन् खेळ नसलाच तं? तं पाय काढला तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राह्यते, पुरा पकडत नाही, अन् प्लेट घसरून घसरून जळते. इंजिन नुसतं ओरडते, गाडी काही ओढत नाही. आता पाहा — ड्रायव्हर चालता चालता पेडलवर पाय ठेवून बसला, तरी हेच होते. अगदी हेच. जळकी प्लेट हातात घेतली तं ती सांगत नाही, मले पायानं जाळलं का तारीनं. एवढं ध्यानात ठेवा. माह्या हलकटपणाले एवढी जागा पुरली.

प्रल्हाद माहा शाळेपासूनचा दोस्त. वांगे, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर — मळ्यात जे निघन ते रिसोडच्या बजारात हर्राशीले, लिलावाले न्या लागे, अन् त्यासाठी त्याच्याजवळ जुना छोटा हत्ती टेम्पो होता. मंग प्रल्हाद विहिरीच्या पायरीवरून पडला, कमरेचं हाड मोडलं, डाक्टरनं गाडी चालवणं बंद केलं. तेव्हा त्याची बायको, मंदावहिनी, स्टेअरिंगवर बसली. कोणी बसवलं नाही, आपणच बसली. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या कडेनं मागं-पुढं करून शिकली, लायसन काढलं, अन् एक दिवस भरली गाडी घेऊन रिसोडच्या बजारात उतरली. कानाले मफलर, वरून पदर, आरशात पाहून बरोब्बर रिव्हर्स. अडते तिले चिडवत, "काय ड्रायव्हरीनबाई?" ती म्हणे, "या, बसा, सोडून देतो घरी." गाडीतून उतरली का तिची चालच वेगळी राहे. मले ते पाहून बरं वाटे, हे खरं सांगतो. तिच्याबद्दल माह्या मनात काही वाकडं नोतं. असतं तं निदान कारण तरी सांगता आलं असतं.

एक दिवस ती आली, म्हणे रिव्हर्स टाकताना कटकट होते. मी क्लचची तार बदलली. तरी कटकट राह्यलीच, कारण रोग आतमधे होता, गिअरबॉक्स उतरवा लागत होता. अन् मले साळ्याच्या लग्नाले कारंजाले जायचं होतं, बायको तयार होऊन शेडच्या बाहेर उभी. मंग काय केलं? तारीचा नट आवळला. अजून आवळला. गिअर लोण्यावाणी पडाले लागला. पेडल हातानं दाबून पाह्यलं नाही — नाही, खोटं कायले बोलू, पाह्यलं. खेळ नोता. म्हटलं, पुढच्या खेपीले पाहू. अन् तिले म्हटलं, "झालं वहिनी, जा बिनधास्त."

इथपर्यंत ते आळसानं झालं. आळस कोणाच्याही अंगात असते, तुमी म्हणान जाऊ द्या. पण जाऊ द्या म्हणून घ्यासाठी मी हे सांगून राह्यलो नाही.

काही दिवसानं रिसोडच्या रस्त्यावर एका चढावर भरली गाडी बसली. इंजिन ओरडे अन् गाडी मागं सरके. तिनं हँडब्रेक ओढला, उडी मारून चाकामागं दगड लावला, मागून यात्रेकरूंची बस येत होती तिले पदर हलवून थांबवलं. काही कमीजास्त झालं असतं तं? मी त्याचा इचार अजूनही पुरा करत नाही, अर्ध्यात सोडून देतो.

प्रल्हादच्या मोठ्या भावानं, रामभाऊनं, ट्रॅक्टरनं ओढत गाडी माह्याच शेडमधे आणली. प्रल्हाद काठी टेकत आला. वहिनी मेथीच्या जुड्यायवर पाणी शिंपडत उभी होती, त्या सुकून चालल्या होत्या.

मी गाडीखाली गेलो. जळका वास तं बाहेरूनच आला होता. तारीवर हात ठेवला — ताणलेली, जराही ढील नाही. नट मी जिथं सोडला होता तिथंच. अन् मी — हेच ते, ज्याच्याभोवती कवाचा फिरून राह्यलो — मी खिशातून दहाचा पाना काढला अन् पडल्या पडल्या तो नट ढिला केला. कोणाले दिसलं नाही. मंग बाहेर आलो, हात पुसले, सगळ्यायच्या समोर पेडल दाबून दाखवलं. पाहा, दोन बोटं खेळ. तार बरोबर आहे.

"मंग जळलं कायनं?" रामभाऊनं विचारलं.

"वहिनीचा पाय जड आहे," मी म्हटलं. "क्लचवरून उठत नाही."

कोणी भांडलं नाही. रामभाऊ एवढंच बोलला का मी तं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. प्रल्हाद खाली पाहत राह्यला. अन् ती आपल्या डाव्या पायाकडे पाहून राह्यली होती, जसा काही तो पाय आत्ताच कोणी आणून लावला. मंग तिनं पदराची गाठ सोडली, चावी काढली, रामभाऊच्या हाती देल्ली.

मी गिअरबॉक्स उतरवला, नवी प्लेट टाकली, आतला झिजलेला फोर्क बदलला, अन् खेळ अगदी मापात ठेवला. तेव्हापासून गाडी रामभाऊचा मोठा पोरगा चालवते. प्लेट पुन्हा जळली नाही. मी चांगलं काम केलं, अन् तेच तिच्याविरुद्ध गवाही झालं. लोकायले अजून काय पाह्यजे होतं?

ती एकदा एकटी आली होती. शेडच्या तोंडाशी उभी राहून म्हणे, "भाऊ, खरं सांगा. मी तं चप्पल काढून चालवतो, गिअर पडला का पाय खाली ठेवतो. माह्याच पायानं झालं का ते?"

तवा सांगता आलं असतं. शेडमधे कोणी नोतं. नट कोणी आवळला, कोणी ढिला केला — तोंडातून निघाले काय लागते? पण मले माहा शब्द जाईन याचं भेव वाटलं. मी म्हटलं, "आपल्याले समजत नाही वहिनी, पाय आपोआप जाते." लय गोड आवाजात म्हटलं. तिनं मान हलवली. म्हणे, "तुमी म्हणता तं असन." तिचा माह्यावर तेवढा भरोसा होता. त्या नटापेक्षा हे मले जास्त लागते.

आता ती हर्राशीले जाते ते बाजूच्या सीटवर बसून. दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून बसते. खाली ठेवतच नाही. कोणाले वाटते सवय असन.

अन् परवा रामभाऊचा पोरगा अन् वहिनी गाडी घेऊन आले होते, हवा भराले. संग तिची पोरगी होती, रूपाली, कॉलेजात जाते. ती माह्याजवळ आली, म्हणे, "काका, तुमी आईले सांगा ना. मले गाडी शिकाची आहे, आई नाहीच म्हणते."

वहिनी गाडीत बसल्या बसल्याच हासली. रागानं नाही, खरंच हासली. "काहून शिकतं व माय? आपल्या घरच्या बायायचा पाय जड आहे. या काकानंच तं सांगतलं होतं. इचार त्यायले."

दोघी माह्याकडे पाहत होत्या. पोरीच्या तोंडावर अजून आस होती. माह्या हातात हवेची नळी होती, चाक भरून झालं होतं, तरी मी ती धरूनच होतो.

मी मान हलवली. हो म्हणून.

रूपाली वळली, आईच्या बाजूले जाऊन बसली, दार ओढून घेतलं. गाडी चालू झाली तेव्हा मी पाह्यलं — आईनं पाय वर घेतले, अन् तिच्याकडे पाहून पोरीनंही घेतले.