रुद्रप्पाचं इंजिन

आमच्या घराण्यानं आजवर एकच वाफेचं इंजिन भंगारातून वाचवलं, आणि ते चुकीचं निघालं.

आमचे अज्जा, म्हणजे वडिलांचे वडील, अळणावरला फायरमन होते. इंजिनात कोळसा टाकायचे. (अजून भात वाढून घेताना डाव फावड्यासारखा चालवतात!) एक दिवस कळलं, हुबळीच्या भंगारात त्यांच्या काळातली दोन इंजिनं उभी आहेत, त्यातलं एक त्यांचं. एक बागेत ठेवणार, एक कापणार. तिथला साहेब फोनवर म्हणाला, "आम्हाला दोन्ही सारखीच. तुमचं कुठलं ते बघा आणि पूजा करून जावा. पूजा केलेल्याला आमची माणसं कटर लावत नाहीत."

अज्जांचे गुडघे गेलेले, म्हणून मी निघालो.

"पाट्या गेल्या असतील. आत चढ. भट्टीच्या दारावर मी खिळ्यानं नाव कोरलंय, ते वाच."

"होय की अज्जा!"

दोन्ही इंजिनं जुळ्या भावांसारखी गंजलेली! पहिल्यात पाय ठेवतोय तोवर गांधीलमाश्यांचं हे एवढं पोळं! मागं उडी मारली. दुसऱ्यात चढावं तर माश्यांना दोन पावलं काय लांब? मी खालूनच बघितलं. दुसरं जरा ऐटीत उभं होतं. अज्जांचंच असणार! हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला आणि फोन केला.

"नाव बघितलंस?"

"बघितलं की! स्पष्ट!"

"माझा 'म' तिरका आलाय का रे?"

"पार आडवा झालाय, अज्जा!"

दुसऱ्या दिवशी माश्यांवालं कापलं. इकडं अज्जांनी आमच्या अख्ख्या देशपांडे नगरात पेढे वाटले, नवा कोट शिवला!

बागेत आम्ही चौघांनी त्यांना इंजिनात चढवलं. त्यांनी भट्टीच्या दारावर कोरलेल्या नावावरून बोटं फिरवली.

"हे रुद्रप्पाचं."

रुद्रप्पा म्हणजे दुसरा फायरमन. कुणाचं इंजिन घाट आधी चढतं यावरून दोघं वीस वर्षं बोलत नव्हते. आता तो राहिला नाही.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्याकडं बघितलं. "नाव वाचलं म्हणालास!"

"वाचलं... बाहेरून."

मी गाल तयार ठेवला. अज्जांचा हात मात्र तिथंच होता. "अक्षर चांगलं होतं गड्याचं."

"तुमचं इंजिन, अज्जा..."

"होगली, जाऊ दे."

जाऊ दे म्हणाले, पण तासभर खाली उतरले नाहीत. मधेच विचारलं, "कापताना लई आवाज झाला असेल का रे?" मी रुमाल काढला आणि भट्टीचं दार पुसायला लागलो.

तेव्हापासून दर रविवारी अज्जा बागेत खुर्ची टाकून बसतात आणि मी इंजिन पुसतो.

"चाकं पूस! रुद्रप्पा असला घाणेरडा नव्हता!"

रुद्रप्पाचे सहा नातू हुबळीतच असतात. परवा त्यातला एक पहिल्यांदाच बायको-पोरांना घेऊन आला. आजोबांचं इंजिन बघून त्याचे डोळे भरले. मलाही भरून आलं, मी फडकं घेऊन पुढं झालो.

"ओ वॉचमन," तो म्हणाला, "स्वल्प बाजूला सरका की, फोटोत येताय!"