गुस्तार म्हणजे आवडणं

दुबईजवळ रास अल खैमाच्या टाइल्स फॅक्टरीत सहा वर्षं सँपल रूम मी सांभाळत होते. सगळं काम माझं, कागदावर मात्र मी क्लार्क. इन-चार्जची जागा रिकामीच होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंपनीनं ग्लेझच्या, म्हणजे टाइलवरच्या चकचकीत थराच्या कामासाठी स्पेनहून एक म्हातारा इंजिनिअर आणला. त्याला इंग्रजी जेमतेम. मॅनेजरनं जाहीर केलं, याच्याशी ज्याला बोलता येईल त्याला ती जागा. इंजिनिअरची बायको दर गुरुवारी, शुक्रवारच्या सुट्टीआधीचा हाफ डे संपल्यावर, मीटिंग रूममध्ये स्पॅनिश शिकवणार होती.

यादीत तीन ऑफिसरांची नावं आणि खुद्द मॅनेजरचं. माझं नाही. विचारायला गेले तर म्हणतो कसा, "मॅडम, पहले इंग्लिश तो ठीक करो." माझं शिक्षण मराठी शाळेतलं, हे त्याला बरोबर ठाऊक. तळपायाची आग मस्तकात गेली. नाव नाही तर नाही. गुरुवारी मी सरळ जाऊन मागच्या खुर्चीत बसले. म्हटलं, बघू कोण उठवतंय! बाईंनी हसून मलाही एक वही दिली.

तिसऱ्या गुरुवारी गुस्तार आलं. म्हणजे आवडणं. रोजच्या बोलण्यातलं क्रियापद, पण तिथंच तिघं कॉन्व्हेंटवाले ऑफिसर अडून बसले. 'आय लाइक'मधला 'आय' काही त्यांच्याच्यानं सुटेना. बाई सांगून सांगून दमल्या, की इथं कर्ता कॉफी आहे, तुम्ही नाही. मॅनेजर कुरकुरला, "ये क्या उल्टी भाषा है!"

उलटी? अहो, मी बोलायला लागल्यापासून असंच बोलतेय! मला कॉफी आवडते: मे गुस्ता. मला लाडू आवडतात: मे गुस्तान. कॉफी एक, लाडू अनेक, क्रियापद त्यांच्या मागं जाणार. आहे काय त्यात? मी उठले आणि फळ्यावर वर मराठी, खाली स्पॅनिश असं लिहून दाखवलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्या इमारतीत माझ्या मराठीचा मान कुणी पहिल्यांदाच ठेवला होता. खरं सांगते, रडू येत होतं. पण त्या चौघांपुढं रडायचं? शक्यच नाही.

महिन्याभरानं नवी निळी टाइल तयार झाली. मॅनेजरनं ती सँपल रूममध्ये स्वतः इंजिनिअरसमोर धरली आणि छाती फुगवून विचारलं, "ले गुस्तो?"

म्हातारा पोट धरून हसायला लागला. मॅनेजर माझ्याकडं वळला. "क्या बोला मैंने?"

"सर, आपने पूछा, मैं आपको पसंद हूँ क्या? टाइल के लिए 'ले गुस्ता' बोलना था."

त्याचे कान लाल झाले. "ठीक है, कल से आप ही बात करना. पोस्ट का बाद में देखेंगे, इन्शाल्ला."

हे 'बाद में' मी सहा वर्षं ऐकत होते. बस झालं. कमरेची सँपल रूमची चावी काढली, त्याच्या हातातल्या टाइलवर ठेवली आणि म्हटलं, "नो मे गुस्ता, सर."

एवढं स्पॅनिश त्याला आलं होतं. शनिवारी माझ्या टेबलावर पत्र होतं, वर चावी होती, आणि पत्रात क्लार्क हा शब्द कुठंच नव्हता.