सर्दीचा हक्क

मला साधी सर्दी कुणी कधी होऊच दिली नाही. लहानपणी डोक्यात पाणी साठायचं म्हणून डॉक्टरांनी शंट बसवला होता. कानामागे कातडीखाली छोटासा वॉल्व आणि तिथून पोटात उतरणारी नळी. तेव्हापासून मला एक शिंक आली तरी मल्हारगंजातलं आमचं घर हातपाय गाळायचं.

बाबा मिलमध्ये बॉयलरवर फिटर होते. मिल बंद पडली आणि त्यांना तपासायला माझाच वॉल्व तेवढा उरला. रोज सकाळी चहाआधी ते कानामागे अंगठा दाबायचे. दबला, परत वर आला, की मग चहा. डॉक्टरांनी एकदा चांगलं झापलं, "भिया, ये आपकी मिल का बॉयलर नहीं है, बच्ची का सिर है. दबाना नहीं." बाबांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी जरा हळू दाबलं.

राजेंद्र नगरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायच्या नोकरीसाठी मला मुलाखतीला बोलावलं, आणि नेमकं त्याच दिवशी नाक वाहायला लागलं. डोकंही जड. बाबांचा अंगठा आलाच. मी त्यांचा हात धरला.

"आज राहू दे ना बेटा. शंटचा काही लफडा असला तर?"

"शंटचं दुखणं मला माहीत आहे बाबा. डोकं फुटतं, उलट्या होतात, डोळे उघडत नाहीत. तसं झालं तर मीच सांगेन, सीधे डॉक्टरकडे जाऊ. आज फक्त जुकाम आहे. आणि माझं डोकं काही तुमची मिल नाही, बंद पडेल म्हणून पहारा द्यायला!"

बाबांचा चेहरा बघवेना. वाईट वाटलं, पण माफी मागितली नाही. मागितली असती तर मी घरीच बसले असते.

दोन रुमाल घेतले आणि टेम्पो पकडला. मुलाखतीत इतक्या शिंका आल्या की समोरच्या बाईंनी विचारलं, तब्येत नाजूक आहे का? म्हटलं, सर्दी आहे, सगळ्यांना होते. हे वाक्य बोलायला मला बावीस वर्षं लागली होती. त्या म्हणाल्या, सोमवारपासून या.

संध्याकाळी बडा गणपतीला टेम्पोतून उतरले तर बाबा उभे. किती वेळ, ते मी विचारलं नाही. त्यांचा हात सवयीने माझ्या कानाकडे आला, थांबला आणि खिशात गेला. त्यांनी बामची डबी काढून दिली.

"जुकामच आहे ना?"

"जुकामच. आणि नोकरीपण."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आधी चहा दिला.