दुसऱ्या मात्रेवरची टाळी

विमानं बंद झाली आणि चार दिवस राहायला आलेली आई इथे परदेशात, वेरिबीत, आमच्याकडे अडकली. मी घरूनच काम करायचो आणि काम करताना साठच्या दशकातली अमेरिकन गाणी लावायचो, युद्ध नको म्हणणारी, गिटार आणि माउथ ऑर्गनवाली. हेडफोन लाव, असं मला कोणी सांगितलेलं चालत नाही. आईला शब्द कळत नसत, पण सोफ्यावर बसून ती टाळी द्यायची. भजनात देतात तशी, पहिल्या मात्रेवर. माझ्या मुलीला ते अजिबात खपायचं नाही.

"आजी, नॉट ऑन वन. टू अँड फोर."

या वयात कशाला तिला छळतेस, म्हणून मी ओरडलो. दोघींनी लक्ष दिलं नाही. लॉकडाउन लांबत गेला तशी आईची टाळी हळूहळू सरकत गेली.

मग एका दुपारी तिच्या पुण्यातल्या भजनी मंडळाने झूमवर भजन ठेवलं. सगळ्या बायकांच्या दोन टाळ्यांच्या मधोमध आईची एकटीची टाळी पडत होती. शेवटी एक बाई म्हणाल्या, "अहो, तुमचं नेट मागे पडतंय."

"नेट उत्तम आहे," आई म्हणाली. "आमच्याकडे अशीच देतात."